आधी गाव सांगा, मग वेळ सांगा

गेल्या अंकात मी जेनोवाच्या, म्हणजे आपल्या भूगोलाच्या पुस्तकातल्या जिनोआच्या फारिनातावर थोडं लिहिलं होतं. हरभऱ्याचं पीठ, पाणी, ऑलिव्ह तेल आणि मीठ यांचं पातळ मिश्रण तांब्याच्या भल्यामोठ्या परातीत ओतायचं आणि लाकडाच्या भट्टीत भाजायचं. त्यानंतर संपादकांनी पत्रांचा गठ्ठाच पाठवला. निम्म्या पत्रांत एकच प्रश्न : 'इटलीत रस्त्यावर काय खावं?'

मी मूळची दापोलीची. नवऱ्याच्या जहाजदुरुस्तीच्या नोकरीपायी जेनोवाला आले आणि इथलीच होऊन गेले. एवढ्या वर्षांत कळलेली गोष्ट आधी सांगून टाकते. इटलीचं म्हणून रस्त्यावरचं खाणं नसतंच. पालेर्मोचं असतं, बारीचं असतं, लिव्होर्नोचं असतं. शेजारच्या गावी तेच मागाल तर दुकानदार खांदे उडवतो. शिवाय प्रत्येक पदार्थाची वेळ ठरलेली. सकाळची वस्तू संध्याकाळी मागितली तर मिळते, पण ती सकाळचीच असते! म्हणून माझी उलटतपासणी नेहमी दोन प्रश्नांची : कुठलं गाव, आणि किती वाजता?

प्रश्न : ताई, मे महिन्यात आम्ही रोम, फ्लोरेन्स आणि व्हेनिसला जातोय. सगळे शाकाहारी, सासूबाई कांदा-लसूणही खात नाहीत. रात्रीचं जेवण टूरवाले देणार, दुपारचं आपलं आपण बघायचं. चालता चालता काय खाता येईल? – एक वाचक, सांगली

उत्तर : भरपूर काही आहे. मांसाची भीती बाळगू नका, ते समोर दिसतं. जपायचं ते न दिसणाऱ्या दोन गोष्टींना, स्त्रुत्तो आणि अच्चुगे. स्त्रुत्तो म्हणजे डुकराची कढवलेली चरबी. ती कणकेत मळलेली असते, त्यामुळे वरून बघून कळायचं नाही. अच्चुगे म्हणजे खारवलेले चिमुकले मासे. गरम तेलात ते विरघळून जातात आणि मागे फक्त खारटपणा उरतो.

रोममध्ये उपाहारगृह शोधू नका, 'फोर्नो' अशी पाटी शोधा. फोर्नो म्हणजे पावाची भट्टी. तिथे पिझ्झा बियांका मिळतो : पीठ, पाणी, यीस्ट, ऑलिव्ह तेल आणि वर जाड मीठ. ना चीज, ना टोमॅटो. बाहेरून कुरकुरीत, आतून जाळीदार. सासूबाईंसाठी याहून निर्धोक काही नाही. त्याचाच भाऊ पिझ्झा रोस्सा, वर टोमॅटोचा पातळ हात फिरवलेला. लसूण आहे का तेवढं विचारून घ्या. बाकीच्यांनी 'पिझ्झा अल ताल्यो'च्या दुकानात शिरावं. लांबलचक आयताकृती ट्रे मांडलेले असतात, पाहिजे तेवढा तुकडा कात्रीने कापून, तोलून देतात. भाव बहुतेक किलोवर लिहिलेला असतो, मागताना मात्र एत्तोत मागतात. एक एत्तो म्हणजे शंभर ग्रॅम. तोंडाने काही सांगता आलं नाही तरी चालतं, तो कात्री ट्रेवर धरतो, तुम्ही 'अजून', 'कमी' असं हाताने दाखवायचं. बटाटा आणि रोझमेरीचा तुकडा मिळाला तर सोडू नका. वेळ साडेबारा ते दीड. तेव्हा भट्टीतून ट्रेमागून ट्रे येत असतात. चार वाजता गेलात तर तोच तुकडा पुन्हा गरम करून मिळेल, आणि मग म्हणाल की ताईंनी उगाच कौतुक केलं.

रोममध्ये दोन सापळे आहेत. पहिला सुप्पली, तळलेला भाताचा लांबट गोळा. मोडला की आतलं मोझ्झारेल्ला तारेसारखं लोंबतं, दिसायला एकदम निरागस. पण मूळ कृतीत तो भात मांसाच्या रश्श्यात शिजतो. दुसरा सापळा फ्योरी दी झुक्का. भोपळ्याच्या जातीतली फुलं, पिठात बुडवून तळलेली. आपल्याकडे कोकणात भोपळ्याच्या फुलांची भजी करतातच, त्यामुळे मराठी बायका ती बघून हरखतात. पण रोमन फुलाच्या पोटात चीजबरोबर अच्चुगा बसलेला असतो. जुन्या ज्यू वस्तीतलं तळलेलं आर्टिचोक, म्हणजे कळीसारखी एक भाजी, मात्र सुरेख, तेल आणि मीठ, बाकी काही नाही. ते हिवाळा-वसंतातलं. मेपर्यंत बहर ओसरतो, मिळालं तर नशीब समजा.

फ्लोरेन्समध्ये स्किआच्चाता घ्या, ऑलिव्ह तेल लावलेला चपटा पाव. आत स्त्राक्कीनो नावाचं मऊ, आंबटसर चीज आणि भाजलेलं वांगं भरून मागा. गावातल्या हातगाड्यांवरच्या पातेल्यांत मात्र डोकावू नका, त्यात काय असतं ते कोल्हापूरकरांना पुढे सांगितलंय.

व्हेनिसबद्दल खरं सांगायचं तर शाकाहारी माणसाला फिरता फिरता खायला ते गाव कंजूष आहे. मऊ पांढऱ्या पावाचे त्रिकोणी त्रामेज्झिनी मिळतात. अंडं चालत असेल तर अंडं आणि शतावरीच्या कोंबांचा घ्या. तळलेलं 'मोझ्झारेल्ला इन कारोझ्झा' नावावरून शाकाहारी वाटेल, पण व्हेनिसमध्ये त्यात अच्चुगा नाहीतर हॅम घालतात. त्यापेक्षा सकाळी रियाल्तोच्या बाजारात जाऊन फळं घ्या. दुपारी गेलात तर नुसते ओटे बघायला मिळतील.

गोडाचंही तेच. कान्नोलीची नळी आणि नेपल्सच्या पापुद्र्यांच्या स्फोल्यातेल्लाचं पीठ, दोन्हींत परंपरेने स्त्रुत्तो. आणि पार्मेजान चीज वासराच्या पोटातल्या रेनेटने, म्हणजे दूध गोठवणाऱ्या रसाने, लावतात. ते चालवून घ्यायचं की नाही हे तुमचं तुम्ही ठरवा, मी फक्त कानावर घालतेय. तीन शब्द पाठ करून जा : 'सेन्झा कार्ने, सेन्झा पेशे, सेन्झा स्त्रुत्तो'. मांस नको, मासा नको, चरबी नको. सासूबाईंसाठी आणखी दोन : 'सेन्झा आल्यो, सेन्झा चिपोल्ला'. नुसतं 'व्हेजितारियानो' म्हटलं तर काही ठिकाणी भोळेपणाने मासा देतात.

प्रश्न : इटलीचा वडापाव कुठला? – एक वाचक, डोंबिवली

उत्तर : हा प्रश्न मला दर वर्षी कुणीतरी विचारतंच, आणि एरवी अशा तुलना मला आवडत नाहीत. पण डोंबिवलीकर, इथे मी हरले. पालेर्मोत 'पाने, पानेल्ले ए क्रोक्के' मिळतं. पाने म्हणजे पाव, वर तीळ लावलेला. पानेल्ले म्हणजे हरभऱ्याच्या पिठाच्या तळलेल्या पातळ वड्या. क्रोक्के म्हणजे पुदिना किंवा पार्स्ली घातलेल्या बटाट्याच्या तळलेल्या लांबट गुंडाळ्या. म्हणजे पाव, बेसन, बटाटा आणि कढई. आणखी काय पाहिजे?

फरक इतकाच की चटणी नाही, मिरची नाही, हळद नाही. वरून लिंबू पिळायचं, वाटलं तर मिरपूड. पहिला घास अळणी वाटेल. दुसऱ्यापासून पिठाचा स्वतःचा गोडवा लागायला लागतो. पालेर्मो ज्या बेटावर आहे त्या सिसिलीवर नवव्या ते अकराव्या शतकात अरबांची सत्ता होती आणि पानेल्ले त्यांच्याकडून आल्या असं पालेर्मोकर सांगतात. बाल्लारो किंवा कापोच्या बाजारात दुपारी जा. शाळा सुटल्यावर दप्तरं पाठीला असलेली पोरं कढईभोवती असतात, त्यांच्या मागे उभं राहायचं. गर्दी नसलेल्या गाड्यावर आधी तळून ठेवलेल्या थंड वड्या पावात सरकवतात, ते खाण्यात अर्थ नाही.

घरी करायच्या असतील तर थापीव वड्या येणाऱ्या कुणालाही जमतील. पाव किलो बेसनाला पाऊण लिटर पाणी, हे प्रमाण लक्षात ठेवा : एकास तीन. पाणी गार घ्यायचं. त्यात बेसन थोडं थोडं घालत फेटायचं, मीठ घालायचं आणि गाळून घ्यायचं. मग जाड बुडाच्या पातेल्यात मंद आचेवर ठेवून ढवळत राहायचं. हात थांबला की गुठळी झालीच. अर्धा तास तरी लागतो. मिश्रण पातेल्याची कड सोडायला लागलं की बारीक चिरलेली पार्स्ली घालून लगेच उतरवायचं. स्टीलच्या ताटल्या पालथ्या घालून त्यांच्या पाठीवर हे मिश्रण सुरीने पातळ पसरायचं, तीन-चार मिलिमीटर, जास्त नाही. इथेच आपला हात आपल्याला दगा देतो, कारण वड्या जाड थापायची सवय. जाड थापलं की तळल्यावर आत पिठूळ लागतं. गार झाल्यावर अख्खी चकती सोलून निघते, तिचे चार तुकडे करून कडकडीत तेलात तळायचे. फुगून सोनेरी झाल्या की काढा. पालेर्मोतल्या जुन्या दुकानांत या वड्या थापायला नक्षीचे लाकडी साचे असत.

आपलं बेसन देशी हरभऱ्याच्या डाळीचं, इथलं पीठ काबुली जातीच्या हरभऱ्याचं. चवीत थोडं डावं-उजवं होईल, पण बिघडणार काही नाही. पार्स्लीऐवजी कोथिंबीर चालेल का, असा पुढचा प्रश्न येणार हे ठाऊक आहे. चालेल. आणि चांगलंही लागेल. फक्त मग त्यांना पानेल्ले म्हणू नका. हिंगाबद्दल तर मी बोलतच नाही.

प्रश्न : आम्ही वजडी आणि रक्ती खाणारी माणसं. इटलीत नुसता पिझ्झा-पास्ता खाऊन परत यायचं का? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : अजिबात नाही. तुमच्यासाठीच हा देश आहे. फक्त एक गोष्ट आधी सांगायला हवी, ती सांगितली नाही तर तुम्ही परत येऊन मला बोल लावाल. इथला कोठा आणि आतडी बहुधा गाईची किंवा वासराची असतात. ते चालत नसेल तर पुढचे दोन परिच्छेद ओलांडून जा.

फ्लोरेन्सचं लाम्प्रेदोत्तो म्हणजे गाईच्या चौथ्या पोटाचं मांस. कांदा, टोमॅटो, सेलरी, पार्स्ली घालून तासन्‌तास उकळतात. हे विकणारा त्रिप्पायो, त्याची गाडी चौकात किंवा बाजाराच्या तोंडाशी उभी असते. पातेल्यातून तुकडा काढून, फळीवर बारीक कापून, मीठ-मिरपूड लावून तो पावात भरतो. पावाचा वरचा अर्धा भाग रश्श्यात बुडवू का असं विचारतो. हो म्हणा. हिरवी चटणी पार्स्लीची, लाल तिखट. सकाळी अकराला खाणारे हमाल आणि वकील शेजारी शेजारी उभे दिसतील. हे खाणं कधी श्रीमंतांचं नव्हतं. चांगलं मांस सरदारांच्या घरी गेलं की उरलेलं गावाने खायचं, असा त्याचा जन्म.

पालेर्मोचं 'पानी का मेउसा' याहून दांडगं. वासराची प्लीहा आणि फुफ्फुस उकडून, काप काढून, स्त्रुत्तोमध्ये परततात आणि मऊ गोल पावात भरतात. गिऱ्हाइकाला विचारतात : 'ब्रह्मचारी की लग्नाचा?' ब्रह्मचारी म्हणजे नुसतं लिंबू, लग्नाचा म्हणजे वर रिकोत्ता आणि काचोकावाल्लो चीज. ब्रह्मचारीच घ्या, चीजने प्लीहेची लोहासारखी चव दबते.

गाय नको असेल तरी पोट भरेल. पालेर्मोतच स्तिग्योला मिळतं. मेंढीच्या कोवळ्या पिल्लाची आतडी कांद्याच्या पातीभोवती गुंडाळून निखाऱ्यावर भाजतात. धूर इतका होतो की गाडी कुठे आहे हे विचारावं लागत नाही. ते रात्रीचं खाणं. अब्रुझ्झोच्या डोंगराळ भागात अरोस्तिचिनी : मेंढीच्या मांसाचे छोटे चौकोनी तुकडे काडीला लावून, पन्हाळीसारख्या अरुंद शेगडीवर भाजलेले. एकेकटी काडी कुणी मागत नाही, जुडीच मागवतात. डुक्कर चालत असेल तर रोमजवळच्या आरिच्चा गावचं पोर्केत्ता. अख्खं डुक्कर, हाडं काढून, मसाला भरून, बांधून भाजलेलं. त्याची कुरकुरीत साल मिळाली पाहिजे असा हट्ट धरा. आणि नेपल्सला कुओप्पो, कागदाच्या शंकूत तळलेले छोटे मासे आणि माखूल. आमच्या जेनोवालाही बंदराजवळच्या सोत्तोरीपाच्या कमानींखाली तळणाची जुनी दुकानं आहेत. तिथले तळलेले अच्चुगे मी शेपटासकट खाते.

प्रश्न : व्हेनिसच्या चौकात बसून आपला डबा खाल्ला तर दंड होतो म्हणतात, खरं का? – एक आजी, ठाणे

उत्तर : खरं आहे, आजी. सान मार्को चौकात किंवा पायऱ्यांवर बसून डबा उघडायला व्हेनिसमध्ये बंदी आहे. रोमच्या प्रसिद्ध स्पॅनिश पायऱ्यांवर 2019 पासून नुसतं बसायलाही मनाई आहे, मग खाणं दूरच. फ्लोरेन्सने 2018 मध्ये जुन्या गावातल्या काही गल्ल्यांत जेवणाच्या वेळी फुटपाथवर, उंबऱ्यावर बसून खाण्यावर बंदी घातली होती. तिथे तेव्हा दंड होता 150 ते 500 युरो. चालत चालत खाल्लं तर कुणी काही म्हणत नाही, ठाण मांडून बसलात तर शिट्टी वाजते. बागेतल्या बाकावर बसा, थेपले तिथे निघू देत. आणि व्हेनिसमध्ये हातातला घास उघडा धरू नका. सीगल पक्षी वरून येतो आणि सरळ घेऊन जातो. कबुतरांना दाणे टाकायलाही तिथे बंदी आहे.

प्रश्न : मी सप्टेंबरपासून बोलोन्याला शिकायला जाणार आहे. महिनाअखेरीला खिशात काही नसताना काय खाऊन राहायचं? – एक विद्यार्थिनी, पुणे

उत्तर : पियादिना. बोलोन्यात ती मिळतेच, पण तिचं खरं माहेर समुद्राकडचा रोमान्या प्रांत : रिमिनी, राव्हेन्ना, फोर्ली. एखाद्या रविवारी पॅसेंजर गाडी पकडून रिमिनीला जा. रस्त्याच्या कडेला रंगीत पट्ट्यांच्या टपऱ्या दिसतील, तिथे तव्यावर तुझ्यादेखत लाटून भाजतात. गव्हाचं पीठ, पाणी, मीठ, आणि स्त्रुत्तो किंवा ऑलिव्ह तेल. शाकाहारी असशील तर तेलाची आहे का ते विचार. 2014 पासून तिला युरोपीय संघाचं भौगोलिक मानांकन आहे. रिमिनीची पातळ आणि मोठी, राव्हेन्ना-फोर्लीची जाड आणि लहान, आणि यावरून ती गावं हिरिरीने भांडतात. मी रिमिनीच्या बाजूची. आत स्क्वाक्वेरोने नावाचं पळीवाढं चीज आणि रुकोलाची कडसर पानं घालून घे. पालेभाजी भरून कडा दाबून भाजली की ती क्रेशोने. थंडीत मला तीच जास्त आवडते.

पैशांचं म्हणशील तर एकच नियम पाळ, बसू नकोस. इटलीतल्या बारमध्ये, म्हणजे कॉफीच्या दुकानात, उभ्याने पिण्याचा दर वेगळा आणि टेबलाचा वेगळा. पर्यटकांच्या चौकात तो दुप्पट-तिप्पट होतो. खूप ठिकाणी आधी गल्ल्यावर पैसे भरून पावती घ्यायची आणि मग ती ओट्यावर ठेवून मागायचं. ओट्यावर हात हलवत ताटकळणारी परदेशी मुलं मी रोज बघते. पाण्याची बाटली विकत घेऊ नकोस, सार्वजनिक नळाचं पाणी पी. रोममध्ये तर लोखंडी नळ रस्त्यारस्त्यावर दिवसरात्र वाहत असतात.

प्रश्न : हे उभ्याने खाणं इटलीत अलीकडचं, अमेरिकेकडून आलेलं, असा आमच्या मित्रमंडळींत वाद आहे. आपलं मत? – एक निवृत्त इतिहास शिक्षक, वाई

उत्तर : सर, मताची गरजच नाही, पुरावा जमिनीतून वर आलाय. पॉम्पेई या प्राचीन रोमन गावात वेसुव्हिअस ज्वालामुखीच्या सन 79 च्या राखेखाली गरम खाण्याची ऐंशीच्या आसपास दुकानं सापडली आहेत. त्यांना थर्मोपोलियम म्हणतात. रस्त्याच्या तोंडाशी दगडी ओटा आणि ओट्यात रुतवलेले मोठे मातीचे रांजण. त्यातलं एक रंगीत चित्रांसकट, जवळजवळ धक्का न लागलेलं असं मिळालं, आणि त्याचं पूर्ण उत्खनन डिसेंबर 2020 मध्ये जगापुढे आलं. पुढच्या उन्हाळ्यात ते लोकांना बघायला खुलं झालं. ओट्यावर कोंबडा आहे, उलटी टांगलेली दोन बदकं आहेत, साखळीला बांधलेला कुत्रा आहे. रांजणांच्या तळाशी बदक, डुक्कर, शेळी, मासा आणि गोगलगाय यांचे अवशेष निघाले. एकात दारू होती आणि तिच्या बुडाशी दळलेल्या बाकल्याच्या शेंगांचे दाणे. दारूची चव आणि रंग सुधारायला ते घालत.

कारण साधं होतं. रोमन शहरांत गरीब माणूस चाळीसारख्या बहुमजली इमारतींत राही, तिथे धड स्वयंपाकघर नसे आणि आगीचं भय कायम. मग खायला खाली रस्त्यावर यायचं. पुढे नेपल्समध्येही तेच घडलं. एकोणिसाव्या शतकात तिथे मॅकरोनी रस्त्यावर शिजवून विकत, आणि लोक मान मागे टाकून, हाताने उचलून, वर किसलेलं चीज भुरभुरवून ती खात. पिझ्झाची पोरं डोक्यावर तांब्याचा डबा घेऊन गल्लोगल्ली फिरत. आजही नेपल्समध्ये छोटा पिझ्झा चार घड्या घालून कागदात देतात, काटा-सुरीचा संबंध नाही. आधी टेबल नव्हतं, टेबल नंतर आलं. मित्रमंडळींना हे ऐकवा, आणि वादात पैज लागली असेल तर माझा वाटा राखून ठेवा.

प्रश्न : माझ्या वडिलांची आपे मालवाहू रिक्षा आहे. तिच्यावर इटालियन खाण्याची गाडी टाकायचा विचार आहे. पिझ्झा ठेवू ना? – एक तरुण, बारामती

उत्तर : बाळा, तू बारामतीचा, म्हणजे ही गाडी तुझ्या अंगणातच तयार होते. आपे पहिल्यांदा 1948 मध्ये पियाज्जो कंपनीने इटलीत काढली. 1946 मध्ये व्हेस्पा स्कूटर ज्याने घडवली त्या कोर्रादिनो दास्कानियोचीच ही रचना. युद्धानंतर कंगाल झालेल्या देशाला माल वाहायला स्वस्त गाडी हवी होती. पालेर्मोत तिला 'लापा' म्हणतात, आणि तिथे तिच्यावर जे विकतात ते पिझ्झा नव्हे, स्फिंचोने.

पिझ्झा नको ठेवूस. नेपल्सचा खरा पिझ्झा साडेचारशे अंशांच्या आसपासच्या भट्टीत मिनिट-दीड मिनिटात होतो. ती भट्टी तुझ्या गाडीच्या मागे बसायची नाही, आणि छोट्या ओव्हनमधला पिझ्झा गावात आधीच दहाजण विकतायत. फारिनाताही नको. ते भट्टीतून आल्यावर पाच मिनिटांत खाल्लं नाही तर कातडं होतं.

स्फिंचोनेचं तसं नाही. बोटभर जाड, स्पंजासारखा पाव. वर टोमॅटोत मंद आचेवर शिजवलेला भरपूर कांदा, ओरेगानो, चीज आणि सगळ्यात वर तेलात चोळलेला पावाचा चुरा. मूळ कृतीत अच्चुगे असतात, तू ते गाळून टाक. हा ट्रेमध्ये घरी भाजून न्यायचा आणि गाडीवर नुसता गरम करायचा. कोमट खाल्ला तरी चांगला, म्हणूनच तर तो गाडीवर टिकला. जोडीला कढई ठेवायची असेल तर डोंबिवलीकरांना सांगितलेल्या पानेल्ले आहेतच. कांदा मात्र नीट शिजव. दहा मिनिटांत उरकणार असशील तर हा धंदाच करू नकोस, पाऊण तास लागतो. आणि एफएसएसएआयची नोंदणी आधी, गाडीची रंगरंगोटी नंतर.

पालेर्मोचे गाडीवाले कर्ण्यावरून ओरडतात, 'तेल कमी, धूळ भरपूर!' स्वतःच्याच मालाची टिंगल करून ते गिऱ्हाईक गोळा करतात. बारामतीत हे चालेल की नाही ते तू बघ.

प्रश्न : सिसिलीचा तो भाताचा तळलेला गोळा गोल असावा की टोकदार? – एक वाचक, पणजी

उत्तर : पालेर्मोत गोल, कातानियात टोकदार. पालेर्मोकर त्याला आरांचिना म्हणतात, कातानियावाले आरांचिनो, आणि मी दोन्ही गावी त्या त्या गावचंच नाव घेते, कारण मला जेवायचं असतं. 13 डिसेंबरला, सांता लुचियाच्या दिवशी, पालेर्मोत पाव आणि पास्ता वर्ज्य असतो आणि गावभर आरांचिना तळल्या जातात. त्या दिवशी रांग लांब असते, पण तेल सतत तापलेलं आणि माल कढईतून थेट हातात.

प्रश्न : जिलाटो चांगलं कुठलं हे बाहेरून कसं ओळखायचं? – एक वाचक, नागपूर

उत्तर : जिलाटो म्हणजे इथलं आइस्क्रीम. त्याचे डोंगरासारखे ढीग रचलेले दिसले की पुढे चला. ज्या दुकानात ते खोल धातूच्या भांड्यांत झाकणाखाली असतं, तिथे थांबा. खात्री हवी असेल तर पिस्त्याचा रंग बघा. चांगला पिस्ता मळकट, तपकिरीकडे झुकलेला हिरवा असतो. पोपटी असेल तर त्यात पिस्ता कमी आणि रंग जास्त. केळं पांढरट-करडं असावं, पिवळं नव्हे. आणि सिसिलीत उन्हाळ्यात गेलात तर सकाळी जिलाटो नको, बदामाची ग्रानिता, म्हणजे बर्फाळ गोड गोळ्यासारखा प्रकार, आणि सोबत ब्रियोश हा मऊ गोडसर पाव मागा. तिथले लोक नाश्त्याला तेच खातात. ब्रियोशचं वरचं बोंड आधी तोडून ग्रानितात बुडवायचं.